गच्चीनं धरलेलं पाणी

मुक्ताबाईंना कुणी चोर म्हटलं असतं, तर त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आणि त्यांचंही काही चुकलं नसतं म्हणा. साठी उलटली तरी दुसऱ्याच्या वावरातली हरभऱ्याची डहाळी या बाईनं कधी विचारल्याशिवाय उपटली नव्हती. आणि शेवटी चोरी केली ती कशाची? तर स्वतःच्या गच्चीवरून पडलेल्या पावसाच्या पाण्याची! आता याला चोरी म्हणायचं का? म्हणायचं. कसं ते ऐका.

मांजरी गावाच्या अलीकडे, ओढ्याच्या उतारावर मुक्ताबाईंचं शेत होतं. होतं, म्हणजे आता नाही. ऊस गेला, इमारती आल्या. मुक्ताबाईंचा मुलगा संभाजी यानं आपल्या वाटणीच्या तुकड्यावर चार मजली इमारत उठवली, आणि शेजारच्या तुकड्यावर त्याचा चुलता भैरू यानं हुबेहूब तशीच उठवली. हुबेहूब, कारण पुतण्याच्या घराला दोन खिडक्या जास्त असलेल्या कुठल्या चुलत्याला खपतात? भैरू म्हणजे मुक्ताबाईंचा धाकटा दीर. मुक्ताबाईंचे मालक, सोनबा, जिवंत होते तेव्हापासून या दोन घरांत बांधावरून भांडण. पुढे बांध गेला, तिथं कंपाउंडची भिंत आली, आणि भांडण बिचारं जाणार कुठं, ते भिंतीवर चढून बसलं. दीर-भावजय एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. भैरूला काही सुनवायचं असलं की तो भिंतीपलीकडून आपल्या कुत्र्याला सांगायचा, आणि मुक्ताबाई त्याचं उत्तर तुळशीला द्यायच्या.

उताराच्या तळाशी, ओढ्याला लागून, खालची आळी. तिथं शकूची पिठाची गिरण. शकू आणि मुक्ताबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, शेजारशेजारच्या पाती धरून शेतातलं तण भांगललं, एकीनं दुसरीची बाळंतपणं काढली. पूर्वी उतारावर पडलेलं पाणी वावरं प्यायची. आता सगळा उतार सिमेंटचा. तासभर पाऊस लागला की वरच्या इमारतींचं पाणी धावत खाली यायचं आणि थेट आळीत शिरायचं, मुक्ताबाईंच्या घराचं तर सगळ्यात आधी शकूच्या गिरणीत. त्यामुळं शकू दर मृगाला चार माणसं बोलावून गिरण विटांच्या ओट्यावर चढवायची. गिरण वर चढली की तिच्या तोंडात दाणे ओतायला शकूला दिवसभर स्टुलावर चढ-उतर करावी लागायची, आणि दिवाळीपर्यंत तिचे गुडघे सुजून भोपळे व्हायचे.

आळीचं पालिकेकडं एकच मागणं होतं. रस्त्याखाली मोठा पाइप घाला आणि वरचं पाणी परस्पर ओढ्याच्या पुढच्या अंगाला सोडा. पण पाइप जाणार होता मुक्ताबाईंच्या आणि भैरूच्या फाटकासमोरून, दोघांची हातभर जागा खाऊन. तेव्हा तो काही पुढं सरकत नव्हता.

अशात हेमा आली. पेठेत वाढलेली, कॉलेजात पाण्यावर संशोधन करणारी, किडकिडीत, चष्मेवाली पोरगी. तिचं म्हणणं असं की गच्चीवर चार बोटं हलकी माती घालून बुटकं गवत लावलं, तर पाऊस पडल्यावर ती माती आधी पाणी पिते आणि उरलेलं सावकाश सोडते. उतारावरच्या सगळ्या गच्च्या अशा झाल्या, तर खाली लोंढा येणार नाही. पण धरते म्हणजे किती धरते? ते मोजायचं होतं. त्यासाठी तिला हव्या होत्या दोन सारख्या गच्च्या, एक गवताची आणि एक बोडकी. भाऊबंदकीच्या कृपेनं त्या इथं शेजारी शेजारी तयारच होत्या! वरच्या मजल्याला गारवा येईल म्हणून संभाजी कबूल झाला. भैरू कबूल झाला तो गवत हरणार याची खात्री होती म्हणून.

"गच्चीवर गवत लावलंय म्हनं," तो कुत्र्याला म्हणाला. "आता म्हसरं चढवायची र्‍हायली फक्त."

"जळणाऱ्याची गच्ची बोडकीच र्‍हायाची गं बाई," मुक्ताबाई तुळशीला म्हणाल्या.

दोन्ही गच्च्यांच्या एकेका कोपऱ्याचा पाइप खाली एकेका काळ्या टाकीत सोडला होता. मोजायचं यंत्र मंजूर व्हायचं होतं, तोवर पाऊस थांबला की हेमा स्कूटरवरून यायची, टाकीत पट्टी बुडवायची, मग तोटी सोडून टाकी रिकामी करायची. जाताना बजावून जायची, "काकू, टाकीला हात लावायचा नाही. ती टाकी आहे, पाणपोई नाही."

पेठेत वाढलेल्या हेमाला एक गोष्ट मात्र उमगली नव्हती. या भागात भर पावसाळ्यात टँकर येतो. वरून धो धो पाऊस आणि खाली बाया बादल्या घेऊन टँकरची वाट बघतायत, अशी इथली तऱ्हा. ज्या मुक्ताबाईंनी उमेदीची वर्षं विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहिले, त्यांच्या डोळ्यांदेखत ते निवळशंख पाणी गटारात जायचं. त्यांचा जीव तळमळायचा. पण बोलून काय उपयोग, शिकलेल्या पोरीचं काम आहे ते.

एकदा हेमा ट्रॅफिकमध्ये अडकली. इकडं टँकर आला नव्हता, आणि सकाळची खरकटी भांडी मोरीत तशीच. मुक्ताबाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि टाकीतून बादली भरली. मग आणखी एक. भांडी झाली, फरशी झाली, तुळशीलाही एक तांब्या मिळाला. यात वाईट काय होतं? काही नव्हतं. पाण्याचा सदुपयोगच झाला.

हेमा आली, तिनं पट्टी बुडवली, भैरूची टाकी बघून आली, परत पट्टी बुडवली आणि चष्मा वर सारून हसली. "काकू, तुमची गच्ची तर भलतीच शहाणी निघाली! भैरूकाकांच्या निम्म्यानंही पाणी आलेलं नाही."

मुक्ताबाईंनी तोंड उघडलं. अगं पोरी, थोडं मी काढलंय, हे वाक्य त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. पलीकडं भैरू उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. कुत्रं पायाशी शेपूट हलवत होतं, पण भैरूला कुत्र्याशी बोलायला शब्द सुचेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मुक्ताबाईंना असं काही गार वाटलं, की त्यांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

पुढच्या पावसाला भैरू कुत्र्याला म्हणाला, "एकदा लागतो मटका. रोज रोज न्हाई लागत." झालं! मुक्ताबाई हेमा यायच्या आत बादली घेऊन टाकीपाशी गेल्या. या खेपेला भांडी घासून झालेली होती.

मग तेच होत गेलं. पाऊस थांबायचा, मुक्ताबाई बादल्या काढून मागच्या नालीत ओतायच्या, हेमा यायची, पट्टी बुडवायची आणि आनंदानं मान हलवत जायची. वाईट वाटायचंच. पण माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्यासारखा वकील नाही. मुक्ताबाई स्वतःला सांगायच्या, गच्ची धरते ना पाणी? धरतेच. मग थोडं कमी, थोडं जास्त, त्यानं काय आकाश कोसळतंय?

श्रावणात एका दुपारी त्या ज्वारी घेऊन गिरणीवर गेल्या. मृग होऊन किती दिवस झाले होते, तरी गिरण अजून खालीच होती. शकू पट्टा काढून बसली होती. तिनं हाताचं पीठ झटकलं आणि विचारलं, "मुक्ते, त्या पोरीनं आळीत येऊन सांगितलं, गच्ची निम्म्याच्या वर पानी धरती. पालिकेचं साहेब म्हनत्यात, मग पायपाची घाई न्हाई, सगळ्या गच्च्या हिरव्या करू. मला त्या पट्टीतलं कायबी कळत न्हाई. पर तू रोज बघतीस. तू सांग. धरती का खरंच? तू व्हय म्हनलीस तर मी पायपासाठी भांडायचं सोडते, आन् गिरणबी चढवत न्हाई औंदा. गुडघ्यांनी जीव खाल्लाय माझा."

आता बघा, हीच ती वेळ होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, भैरू नव्हता, त्याचं कुत्रं नव्हतं. समोर होती ती जन्माची मैत्रीण. मुक्ताबाईंनी ज्वारीच्या डब्याचं झाकण घट्ट केलं, सैल केलं, परत घट्ट केलं.

"धरती की," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर," शकू म्हणाली, आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मुक्ताबाईंना तिथं बसवेना.

खालच्या आळीनं पाइपाचा अर्ज मागं घेतला. त्याचा आनंद म्हणून मारुतीच्या देवळात बैठक झाली. हेमानं आकडे सांगितले, टाळ्या पडल्या. आळीनं वर्गणी काढून शाल आणली होती. ती शकूनं आपल्या हातानं मुक्ताबाईंच्या खांद्यावर घातली, नारळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही माझी मैत्रीन. हिच्या गच्चीनं आमची आळी तारली."

मुक्ताबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शाल नवी होती, मऊ होती, आणि अंगाला खाजकुयली लागावी तशी टोचत होती. खांबाला टेकून भैरू उभा होता. तो खाली मान घालून चपला शोधायला लागला. हरलेल्या माणसाचं ते वाकणं बघायला मुक्ताबाई अर्धं आयुष्य थांबल्या होत्या, आणि आता ते बघवत नव्हतं. घरी आल्यावर सुनेनं त्या नारळाची चटणी वाटली. मुक्ताबाईंनी पित्त झाल्याचं सांगून ताट सरकवलं. शाल कपाटात सगळ्यात खाली गेली.

त्या दिवसापासून त्यांनी टाकीला हात लावला नाही. पण सांगितलंही नाही. आज सांगू, उद्या सांगू करत त्या हेमाला चहा पाजायच्या आणि रिकाम्या कपबशा घेऊन आत जायच्या. पाऊसही तेव्हा भुरभुर होता. तेवढा गवत खरंच पिऊन टाकायचं आणि टाकीत जेमतेम तळाला पाणी यायचं. बघ, धरते की नाही, असं त्या स्वतःला म्हणायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. भिंतीपलीकडं कुत्रं भुंकलं तरी त्यांना ते आपल्यालाच उद्देशून वाटायचं.

भाद्रपद सरता सरता आठवडाभर झड लागली. गच्चीवरची माती पिऊन पिऊन तट्ट फुगली, पाय ठेवला की पचकन पाणी वर यायचं. आणि एका दुपारी आभाळ काळंठिक्कर होऊन कोसळलं. परतीचा पाऊस कसा कोसळतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. समोरची इमारत दिसेना. मुक्ताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. गच्चीच्या चारी पाइपांतून पाणी जोरात उसळत होतं. भैरूच्या पाइपांतून येत होतं तसंच. त्यात काही फरक दिसत नव्हता.

"शकू!" त्या एकदम ओरडल्या आणि पदर खोचून, छत्रीबित्री न घेता उतारानं धावत सुटल्या. त्यांच्यामागं संभाजी.

गिरणीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. मोटर बुडाली होती. लोकांच्या दळणाचे डबे तरंगत एकमेकांवर आपटत होते, कुणाचे गहू, कुणाची बाजरी सगळी एक झाली होती, आणि पाण्यावर पिठाचा लगदा पसरला होता. आळीतली माणसं घमेली, पातेली, हाताला लागेल ते घेऊन पाणी उपसत होती. आणि त्यांत भैरूही होता! लुंगी वर बांधून मुकाट्यानं घमेल्यानं पाणी काढत होता.

शकू स्टुलावर उभी होती. मुक्ताबाईंना बघितल्यावर तिनं रडं आवरलं, आणि काय म्हणावं तिनं? म्हणाली, "तू कशाला भिजत आलीस गं? तुज्या गच्चीनं धरलं म्हनून एवढंच आलं. न्हाई तर आज छातीला लागलं असतं."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्यांनी पाण्यात हात घालून एक डबा पकडला आणि तो कुठं ठेवायचा ते न कळून तसाच पोटाशी धरला.

पाऊस ओसरला तशी हेमा आली. कमरेपर्यंत भिजलेली. ती आधी वर टाक्या बघून आली होती. दारातच थांबली आणि म्हणाली, "काहीतरी घोटाळा आहे. दोन्ही टाक्यांत चार बोटांचाही फरक नाही. माती भिजलेली होती, कमी धरणार हे मला माहीत होतं. पण इतकं कमी? मग आधीचे आकडे तसे कसे आले? का आज कुणी काकूंच्या टाकीत पाणी ओतलं?"

ओतलं म्हणताच सगळ्यांच्या माना कुणाकडं वळल्या असतील? सांगायलाच नको. गावाला भिंत माहीत होती, कुत्रं माहीत होतं, तुळसही माहीत होती.

संभाजीनं घमेलं फेकलं आणि चुलत्याची गचांडी धरली. "आमचं बरं चाललेलं तुमाला कधी बघवलं नाही! हिची गिरण बुडाली, आणि तुमाला आमची गच्ची खोटी पाडायचं सुचतंय?"

"मी न्हाई रं, संभा. पोरांची आन."

"मग पानी काय आपल्या पायानं गेलं टाकीत?" मागून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं त्याला ढकललं. भैरू पाण्यात धडपडला, भिंतीचा आधार घेऊन उभा राहिला, आणि त्यानं सरळ मुक्ताबाईंकडं बघितलं. कुत्रं नव्हतं, भिंत नव्हती.

"वैनी," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी. "तुमी सांगा ह्यास्नी. भांडलो आसंन मी तुमच्यासंगं जलमभर. पर आसलं काम मी करंन का? तुमी सांगा."

मुक्ताबाईंनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर काही कठीण नव्हतं. नुसतं खाली बघायचं होतं, बाकीचं गावानं केलं असतं. बांधाचं सगळं उट्टं त्या एका क्षणात निघालं असतं. त्यांनी खालीच बघितलं. पोटाशी धरलेल्या डब्यावर खडूनं नाव लिहिलेलं होतं, ते अर्धं पुसलं होतं.

"त्यानं न्हाई वतलं," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की कुणाला ऐकूच गेला नाही. मग त्या ओरडल्या, "सोड त्याला, संभा! त्यानं न्हाई वतलं काय. मी काढलं. आदीच्या समद्या पावसात मी माझ्या टाकीतनं बादल्या काढल्या. ह्याच्या गच्चीपेक्षा आपली वरचढ दिसावी म्हनून काढल्या. शाल पांघरली तवापासनं हात न्हाई लावला, म्हनून आज टाकी खरं बोलली."

संभाजीनं चुलत्याची गचांडी सोडली. भैरूनं काही म्हटलं असतं, कुत्र्याला सांगायचा तसलं एखादं झणझणीत वाक्य फेकलं असतं, तर मुक्ताबाईंना खरंच बरं वाटलं असतं. पण त्यानं फक्त सदऱ्याची कॉलर नीट केली आणि खाली वाकून पुन्हा घमेलं उचललं.

हेमानं चष्मा काढला. पुसायला कोरडं काहीच नव्हतं, म्हणून तो तसाच हातात धरला. "शंका घेणं हे माझं काम होतं," ती म्हणाली. "आकडे मला हवे तसे येत होते, म्हणून मी घेतली नाही. उद्या सकाळी साहेबांना सांगावं लागेल, माझा अहवाल खोटा आहे, पाइप घालाच. तुम्ही बरोबर याल, काकू?"

"येते," मुक्ताबाई म्हणाल्या. लाज वाटून वाटून आता आत काही उरलं नाही असं त्यांना वाटत होतं. पण अजून शकूकडं बघायचं राहिलं होतं.

शकू स्टुलावरून उतरली. सुजलेले गुडघे एकेक करत पाण्यात टाकत ती जवळ आली. "शके, मी तुला..." मुक्ताबाईंनी सुरुवात केली. शकूनं त्यांच्या पोटाशी धरलेला डबा काढून घेतला. मग कोपऱ्यात तरंगणारी बादली ओढली आणि त्यांच्या हातात दिली.

"तुला सराव हाय," ती म्हणाली. "उपस."

मुक्ताबाई उपसायला लागल्या. वाकायचं, भरायची, उंबऱ्यापलीकडं ओतायची, परत वाकायचं. बाहेरचं पाणी अजून उतरलं नव्हतं, ओतलेल्यातलं अर्धं परत आत येत होतं. चोळी ओली, पदर ओला, तोंडावर पिठाचा चिकटा. थोड्या वेळानं त्यांची कंबर धरली आणि बादली हातातून निसटली. संभाजी पुढं आला. "आई, दे इकडं. मी काढतो."

"ऱ्हाऊ दे, संभा," शकू वळून न बघता म्हणाली. ती ओल्या गव्हातून हाताला लागतील ते कोरडे दाणे वेगळे काढत होती. "तिचंच पानी हाय ते."